हात न धुता जेवायला बसला आणि सॅकरिन सापडलं, पण फालबर्गच्या हिशेबातून एक गोष्ट सुटली

अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर. साल साधारण १८७८. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एक तरुण रसायनशास्त्रज्ञ कामात इतका बुडाला होता, की जेवायची वेळ कधी टळून गेली हे त्याला कळलंच नाही. भूक लागल्यावर घाईघाईनं निघाला आणि हात न धुताच जेवायला बसला.

पावाचा तुकडा तोंडात टाकला, तर तो चक्क गोड. त्याला वाटलं, चुकून केक वाढलाय. पाण्यानं चूळ भरली, रुमालानं मिशा पुसल्या, तर रुमाल पावापेक्षा गोड. पेला ओठाला लावला, तर पाणी पाकासारखं लागलं. शेवटी त्यानं आपला अंगठा चाटून पाहिला आणि सगळा उलगडा झाला. गोडवा त्याच्या हातावरच होता.

जेवण तिथंच टाकून तो प्रयोगशाळेत पळाला आणि टेबलावरच्या प्रत्येक भांड्यातलं रसायन चाखत सुटला. (आज कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये असं केलं तर सर थेट बाहेर काढतील. करू नका.) नशीब बलवत्तर, भांड्यांमध्ये जीवघेणं काही निघालं नाही. एका भांड्यात मात्र साखरेच्या कित्येक पट गोड असा पदार्थ सापडला.

हा तरुण म्हणजे कॉन्स्टंटिन फालबर्ग आणि तो पदार्थ म्हणजे सॅकरिन. पुढे मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला जगातला पहिला कृत्रिम गोडवा. वरचा किस्सा फालबर्गनं स्वतः १८८६ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या नियतकालिकाला सांगितला होता. त्यामुळे त्यात थोडा तिखटमीठ त्याच्या पदरचा असेल हे धरून चाला.

आज तुमच्या चहातली शुगर-फ्री गोळी असो, डाएट कोला असो की 'शून्य साखर' लिहिलेला प्रोटीन बार, या सगळ्याची सुरुवात त्या न धुतलेल्या हातांपासून होते. आणि हे गोड पदार्थ आपल्या आतड्यातल्या जिवाणूंचं काय करतात, हा जो प्रश्न सध्या गाजतोय, त्याचं मूळही फालबर्गच्याच आयुष्यात सापडतं. कसं ते पाहू.

साखर तपासायला आला होता

फालबर्गचा जन्म २२ डिसेंबर १८५० चा. गाव रशियातलं तांबोव. शिक्षणासाठी तो जर्मनीत गेला आणि १८७३ मध्ये लाइपझिग विद्यापीठातून त्यानं रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्याचा हातखंडा कशात होता माहितीये? साखरेत. साखर किती शुद्ध, त्यात भेसळ किती, हे तपासण्यात तो तरबेज होता.

याच कौशल्यामुळे तो बाल्टिमोरला पोहोचला. १८७७ मध्ये एका आयात कंपनीची साखर अमेरिकन सरकारनं अडवून ठेवली होती. शुद्धतेवरून वाद कोर्टात गेला होता. साखर तपासून साक्ष द्यायला कंपनीनं फालबर्गला नेमलं. पण त्याच्याकडे स्वतःची प्रयोगशाळा नव्हती. म्हणून कंपनीनं जॉन्स हॉपकिन्सचे प्राध्यापक इरा रेम्सन यांच्याशी बोलणी केली आणि त्यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळवून दिली.

साखरेची तपासणी उरकली, पण खटल्याची तारीख काही येईना. हातात वेळच वेळ. मग फालबर्गनं रेम्सन यांच्या परवानगीनं तिथं सुरू असलेल्या संशोधनात भाग घ्यायला सुरुवात केली. विषय होता कोळशाच्या डांबरापासून मिळणारी रसायनं. दगडी कोळसा तापवला की जो काळा, चिकट, वास मारणारा पदार्थ उरतो, ते हे डांबर.

म्हणजे साखर तपासायला आलेला माणूस डांबराकडे वळला आणि डांबरातून साखरेचा प्रतिस्पर्धी घेऊन बाहेर पडला.

नावातच आपली 'शर्करा'

फेब्रुवारी १८७९ मध्ये फालबर्ग आणि रेम्सन यांनी मिळून या पदार्थावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. दोघांची नावं त्यावर होती. त्यात रासायनिक माहिती भरपूर होती. पदार्थ गोड आहे याची नोंदही होती. पण याचा धंदा होऊ शकतो, असं त्यात काही नव्हतं. रेम्सन शुद्ध विज्ञानवाले. प्रयोगशाळेतल्या कामातून पैसा करणं त्यांना फारसं पटायचं नाही.

फालबर्गच्या डोक्यात मात्र चक्रं फिरायला लागली होती. साखरेच्या बाजाराची त्याला आतून माहिती होती. साखरेपेक्षा ३०० पटींहून जास्त गोड पदार्थ, तोही डांबरातून, म्हणजे काय होऊ शकतं हे त्याला कळत होतं. त्यानं त्याला नाव दिलं सॅकरिन. हे नाव आलं लॅटिनमधल्या साखरेसाठीच्या 'सॅकरम' या शब्दावरून. आणि हा लॅटिन शब्द ग्रीक भाषेतून मागे मागे जात थेट आपल्या 'शर्करा'पर्यंत पोहोचतो. मराठीतली 'साखर' आणि फालबर्गचं 'सॅकरिन' नात्यानं चुलत भावंडं आहेत.

दहा ग्रॅम स्वतःच खाल्लं

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

पदार्थ विकायचा तर तो सुरक्षित आहे हे दाखवायला हवं. त्या काळी आजच्यासारख्या औषध चाचण्या नव्हत्या, परवानगी देणाऱ्या मोठ्या सरकारी संस्था नव्हत्या. फालबर्गनं सोपा मार्ग निवडला. त्यानं दहा ग्रॅम सॅकरिन स्वतःच खाल्लं आणि २४ तास वाट पाहिली.

दहा ग्रॅम किती होतं याचा अंदाज घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांच्या संयुक्त समितीनं ठरवलेली मर्यादा आहे वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम. फालबर्गनं एका दमात त्याच्या तीसपटींहून जास्त पोटात ढकललं होतं.

त्याला काही झालं नाही. मग त्यानं लघवी तपासली. खाल्लेलं जवळजवळ सगळं सॅकरिन जसंच्या तसं तिथं मिळालं. शरीरानं ते पचवलं नाही, त्यातून ऊर्जा घेतली नाही, त्याचं दुसरं काही बनवलंही नाही. आत गेलं तसं बाहेर आलं.

फालबर्गचा हिशेब जुळला. आत दहा, बाहेर जवळपास दहा. जे शरीरात थांबतच नाही ते शरीराचं काय बिघडवणार?

तर्क पटण्यासारखा आहे. पुढची शंभरहून जास्त वर्षं जगानं तोच तर्क वापरला. आजही कृत्रिम गोडव्यांच्या बाजूनं बोलताना हेच सांगितलं जातं की ते शरीरातून तसेच निघून जातात.

फक्त एक गोष्ट त्या हिशेबात नव्हती. तोंडापासून बाहेर पडेपर्यंतच्या वाटेवर आणखी कुणीतरी राहतं. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणूंची अख्खी वस्ती आहे. खाल्लेलं सॅकरिन बहुतांश लहान आतड्यातून रक्तात जातं आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतं. पण थोडा वाटा मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो. आपल्या पेशींना त्याचा उपयोग नसेल, पण जिवाणूंचं काय?

फालबर्गला यासाठी दोष देता येत नाही. थिओडोर एशेरिश या डॉक्टरनं तान्ह्या बाळांच्या विष्ठेतून जो जिवाणू शोधला, ज्याला आज आपण ई. कोलाय म्हणतो, त्याची माहिती प्रसिद्ध झाली १८८५ मध्ये. आतड्यात नेमकं कोण राहतं हे तेव्हा कुठे कळायला लागलं होतं. आणि गंमत बघा, फालबर्गला सॅकरिनचं अमेरिकन पेटंट मिळालं तेही १८८५ मध्येच.

एक इशारा मात्र तेव्हाही समोर होता. सॅकरिन आंबण्याची क्रिया रोखतं हे लोकांच्या लक्षात आलं होतं. डबाबंद पदार्थ टिकवण्यासाठी त्याचा वापरही होऊ लागला होता. आंबवतात कोण? सूक्ष्मजीव. म्हणजे डब्यातल्या सूक्ष्मजीवांवर सॅकरिनचा परिणाम होतो हे माहीत होतं. तोच प्रश्न पोटातल्या जिवाणूंबद्दल विचारायला मात्र फार उशीर झाला.

गुरूचं नाव गायब

१८८४ पर्यंत फालबर्ग बाल्टिमोर सोडून गेला होता. न्यूयॉर्कमध्ये त्यानं एका मदतनीसाला सोबत घेऊन उत्पादन सुरू केलं. दिवसाला साधारण पाच किलो सॅकरिन तयार व्हायचं. त्यानं पेटंटसाठी अर्ज केले, पण त्यावर रेम्सन यांचं नाव नव्हतं. शोध आपल्या एकट्याचा, असाच त्याचा दावा होता.

रेम्सन यांना पैशाचा वाटा नको होता. पण प्रयोगशाळा त्यांची, संशोधनाचा विषय त्यांचा, पहिला निबंध दोघांचा, आणि जगभर नाव एकट्या फालबर्गचं, हे त्यांना फार लागलं. पुढे ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, मोठे मानसन्मान मिळाले, पण फालबर्गबद्दलची कडवट भावना गेली नाही.

यात बरोबर कोण? सॅकरिनकडे नेणारी वाट रेम्सन यांनी आखली होती, हे खरं. पण ते प्रयोगशाळेबाहेर काढून लोकांच्या ताटापर्यंत नेलं फालबर्गनं, हेही खरं. शोधनिबंधावर दोन नावं आणि पेटंटवर एक, हा फरक मात्र त्याच्या नावावर कायमचा डाग ठेवून गेला.

बीटच्या राज्यात सॅकरिनचा कारखाना

फालबर्गनं मोठा डाव टाकला तो जर्मनीत. लाइपझिगमधल्या त्याच्या नात्यातल्या आडोल्फ लिस्ट यांच्या भांडवलाच्या जोरावर त्यानं माग्डेबुर्ग शहराजवळ साल्बके इथं कारखाना उभारला. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथून सॅकरिन बाहेर पडायला लागलं. कंपनीचं नाव फालबर्ग-लिस्ट.

माग्डेबुर्गचा परिसर म्हणजे जर्मनीतल्या बीट साखरेचं माहेरघर. मैलोन्‌मैल बीटची शेतं आणि साखर कारखाने. आणि त्यांच्या अंगणात फालबर्गनं साखरेचा प्रतिस्पर्धी तयार करायला घेतला.

सॅकरिन दोन प्रकारच्या लोकांनी उचललं. पहिले मधुमेही. लक्षात घ्या, तेव्हा इन्सुलिन नव्हतं. ते आलं १९२१-२२ मध्ये. तोवर मधुमेह म्हणजे गोड बंद, भात-पाव बंद, अनेकदा जवळजवळ उपासमार. अशा माणसाला चहा-कॉफीत गोडवा परत मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. डॉक्टरांनीही सॅकरिन लिहून द्यायला सुरुवात केली.

दुसरे होते गरीब ग्राहक आणि स्वस्तात गोडवा हवा असलेले उत्पादक. लेमोनेड असो, डबाबंद मका असो, साखरेऐवजी चिमूटभर सॅकरिन टाकलं की खर्च वाचायचा.

साखर कारखानदार गप्प बसणार नव्हतेच. त्यांनी सरकारवर दबाव आणला. १९०२ मध्ये जर्मनीत कायदा आला आणि सॅकरिनची खुली विक्री बंद झाली. ते औषधाच्या दुकानातून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायला लागलं. युरोपातल्या इतर देशांतही अशीच बंधनं आली. मग झाली तस्करी सुरू. स्वित्झर्लंडमध्ये बंदी नव्हती, त्यामुळे तिथून लपूनछपून सॅकरिन सीमेपलीकडे जायचं.

या बंदीमागे आरोग्याची काळजी थोडी आणि साखरेच्या धंद्याची काळजी जास्त होती. सॅकरिनच्या इतिहासात हे पुढेही दिसत राहतं. बाजूनं बोलणाऱ्याचा फायदा असतो आणि विरोधात बोलणाऱ्याचाही.

फालबर्ग १९०६ च्या सुमारास कामातून निवृत्त झाला. १५ ऑगस्ट १९१० रोजी जर्मनीतल्या नासाऊ या गावी त्याचं निधन झालं. वय ५९. तोपर्यंत तो श्रीमंत झाला होता, त्याचं नाव जगभर झालं होतं आणि जुन्या प्राध्यापकांशी झालेलं भांडण मिटलेलं नव्हतं.

राष्ट्राध्यक्षांचा संताप

फालबर्ग हयात असतानाच अमेरिकेत सॅकरिनवरून रणकंदन माजलं होतं. सरकारी रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली हे भेसळीविरुद्ध लढणारं मोठं नाव. १९०६ चा अन्न आणि औषध कायदा आला त्यात त्यांचा मोठा वाटा. १९०८ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर बैठकीत वायली यांनी सांगितलं, की मक्याच्या डब्यात साखरेऐवजी सॅकरिन घालणं ही ग्राहकाची फसवणूक आहे आणि ते तब्येतीलाही घातक आहे.

वायली यांचं दुर्दैव असं, की रूझवेल्ट स्वतः डॉक्टरांच्या सल्ल्यानं रोज सॅकरिन घ्यायचे. ते भडकले. वायली यांचं वजन तिथून घटायला लागलं. त्यांच्या मतांची फेरतपासणी करायला रूझवेल्ट यांनी तज्ज्ञांचं मंडळ नेमलं.

त्या मंडळाचे प्रमुख कोण होते? इरा रेम्सन. हो, तेच. जुना राग असूनही त्यांच्या मंडळानं निष्कर्ष दिला, की थोड्या प्रमाणात सॅकरिन घातक नाही. पण साखरेऐवजी ते वापरलं तर पदार्थाचा कस कमी होतो, असंही त्यांनी म्हटलं.

पुढचा काळ झपाट्यानं पाहू. दोन महायुद्धांत साखरेची टंचाई झाली आणि सॅकरिन घराघरात पोहोचलं. १९७७ मध्ये उंदरांना प्रचंड मात्रेत सॅकरिन दिल्यावर मूत्राशयाचा कर्करोग दिसला, म्हणून अमेरिकेत बंदीचा प्रस्ताव आला. लोकांनी इतका विरोध केला, की तिथल्या संसदेनं बंदी थांबवून फक्त पाकिटावर इशारा छापायला लावला. नंतर कळलं, की ज्या पद्धतीनं नर उंदरांमध्ये तो कर्करोग होत होता ती माणसाला लागू होत नाही. २००० मध्ये इशाराही काढून टाकण्यात आला.

इथपर्यंत वाद एकाच प्रश्नाभोवती फिरला, सॅकरिन विषारी आहे की नाही. जिवाणूंचा विषय जवळपास बाजूलाच राहिला होता.

मग जिवाणू कुठून आले?

आतड्यातल्या जिवाणूंचं महत्त्व सांगणारा माणूस फालबर्गच्या काळात होता. तोही रशियन साम्राज्यातच जन्मलेला. एली मेचनिकॉफ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या मेचनिकॉफ यांना १९०८ मध्ये नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. पण त्याच सुमारास ते आंबवलेलं दूध आणि आतड्यातले जिवाणू यांचा म्हातारपणाशी संबंध जोडत होते. एकाच काळात फालबर्गचं सॅकरिन आणि मेचनिकॉफ यांचे जिवाणू, दोन्ही चर्चेत होते. दोन्ही धागे एकत्र आले मात्र शंभर वर्षांनी.

कारण सोपं आहे. आतड्यातले बहुतेक जिवाणू हवेत टिकत नाहीत, प्रयोगशाळेत सहज वाढत नाहीत. त्यांना नीट ओळखणं जमलं ते डीएनए वाचायचं तंत्र स्वस्त झाल्यावर.

२०१४ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या एरान एलिनाव्ह आणि एरान सेगल यांच्या गटानं 'नेचर' या नियतकालिकात अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांना सॅकरिन, सुक्रालोज आणि अ‍ॅस्पार्टेम पाण्यातून दिलं. काही आठवड्यांनी या उंदरांच्या शरीराला रक्तातली साखर आवरणं जड जायला लागलं. सगळ्यात ठळक परिणाम सॅकरिनचा होता.

हे जिवाणूंमुळेच झालं हे कशावरून? त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, उंदरांना प्रतिजैविकं देऊन आतड्यातले जिवाणू मारले, तर हा परिणाम नाहीसा झाला. दोन, सॅकरिन घेतलेल्या उंदरांची विष्ठा घेऊन ती जिवाणूमुक्त उंदरांच्या पोटात सोडली. या दुसऱ्या उंदरांनी सॅकरिन कधी चाखलंही नव्हतं, तरी त्यांचीही साखर बिघडली. म्हणजे बिघाड जिवाणूंसोबत प्रवास करून गेला.

मग सात निरोगी माणसांना आठवडाभर जास्तीत जास्त मान्य मात्रेत सॅकरिन दिलं. चौघांची साखर आवरण्याची क्षमता घटली, तिघांना काहीच झालं नाही.

सात माणसं म्हणजे फारच कमी. म्हणून याच गटानं २०२२ मध्ये 'सेल' नियतकालिकात मोठा अभ्यास मांडला. एरवी असे गोड पदार्थ अजिबात न खाणारी १२० निरोगी माणसं निवडली. त्यांचे गट करून दोन आठवडे सॅकरिन, सुक्रालोज, अ‍ॅस्पार्टेम किंवा स्टीव्हिया दिलं, तेही मान्य मर्यादेपेक्षा कमी. एका गटाला फक्त ग्लुकोज, एकाला काहीच नाही. चारही गोडव्यांनी जिवाणूंच्या वस्तीत किंवा त्यांच्या कामात बदल केले. पण रक्तातल्या साखरेवर ठळक परिणाम दिसला तो सॅकरिन आणि सुक्रालोजच्या गटांत, आणि तोही प्रत्येकात सारखा नाही.

आता दुसरी बाजू. २०२१ मध्ये 'मायक्रोबायोम' या नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांचा अभ्यास आला. त्यांनी निरोगी माणसांना दोन आठवडे दिवसाला ४०० मिलिग्रॅम शुद्ध सॅकरिन दिलं. ना जिवाणूंमध्ये लक्षणीय बदल, ना रक्तातल्या साखरेत.

म्हणजे खरं कोण? दोन्ही अभ्यास प्रामाणिक असू शकतात. प्रत्येकाच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती वेगळी असते. तुमच्या आईची आणि तुमचीसुद्धा सारखी नसते. एकाच्या पोटात सॅकरिनला दाद देणारे जिवाणू असतील, दुसऱ्याच्या नसतील. याचं जुनं उदाहरण सायक्लामेटचं. १९६९ मध्ये अमेरिकेनं ज्या गोडव्यावर बंदी जाहीर केली तो हा. काहींच्या आतड्यातले जिवाणू त्याचं दुसऱ्याच रसायनात रूपांतर करतात, तर काहींच्या अजिबात करत नाहीत.

सगळे गोडवे सारखे नाहीत

'कृत्रिम साखर जिवाणू मारते' अशी एका ओळीची पोस्ट तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कारण प्रत्येक गोडव्याचा पोटातला प्रवास वेगळा आहे.

- सॅकरिन: बहुतांश रक्तात जाऊन लघवीतून बाहेर. थोडा वाटा मोठ्या आतड्यात.
- सुक्रालोज: उलटं गणित. बहुतांश रक्तात जातच नाही, मोठ्या आतड्यातून पुढे जातं. म्हणजे जिवाणूंची गाठ पडतेच.
- अ‍ॅस्पार्टेम: लहान आतड्यातच तुटतं. मोठ्या आतड्यापर्यंत ते फारसं पोहोचत नाही.
- स्टीव्हिया: झाडापासून मिळतं, पण त्यातले गोड घटक फोडायचं काम आतड्यातले जिवाणूच करतात.
- झायलिटॉल, माल्टिटॉल यांसारखे पदार्थ: न पचलेला भाग जिवाणू आंबवतात. शुगर-फ्री चॉकलेट जास्त खाल्ल्यावर पोट फुगतं ते यामुळे.

मग आपण काय करायचं?

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सल्ला दिला, की वजन कमी करण्यासाठी साखरेचे असे पर्याय वापरू नयेत, कारण दीर्घकाळात त्याचा फायदा दिसत नाही. हा सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही. त्यामुळे घरात कुणाला मधुमेह असेल तर ही बातमी वाचून त्यांची गोळी बंद करून पुन्हा साखर सुरू करू नका. डॉक्टरांशी बोला.

बाकीच्यांसाठी एक सोपी सवय. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. ९५० म्हणजे अ‍ॅसेसल्फेम पोटॅशियम, ९५१ अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅकरिन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हियाचे गोड घटक. 'शुगर-फ्री' लिहिलेल्या पाकिटात यातलं काय आहे आणि दिवसभरात किती वेळा पोटात जातंय, हे एकदा मोजून बघा. अनेकदा चहातली एक गोळी आपण मोजतो, पण कोला, च्युइंग गम, प्रोटीन पावडर आणि पानमसाला हिशेबात धरत नाही.

आणि जिवाणूंना खरंच खूश ठेवायचं असेल तर त्यांना डाळी, भाज्या, फळं, धान्याचा कोंडा यांतलं तंतुमय अन्न द्या. त्यांचं मुख्य खाणं तेच आहे.

फालबर्गनं दहा ग्रॅम खाऊन जो हिशेब मांडला, तो त्याच्या काळातल्या साधनांनी बरोबरच होता. मधुमेह्यांना त्यानं खराखुरा दिलासा दिला, हेही विसरायला नको. त्यानं लघवीत सॅकरिन शोधलं आणि ते तिथं सापडलं. जिवाणूंकडे बघायचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. आपल्याकडे ते आहे आणि त्यातून मिळणारं उत्तर अजून पूर्ण झालेलं नाही. तोवर पुढच्या वेळी कुणी सांगितलं, की अमुक गोष्ट शरीरातून तशीच निघून जाते, तर एवढंच विचारा: जाता जाता वाटेत तिला कोण कोण भेटलं?